आठ बीएचा टॅप आणि एक रिकामं भोक

९ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते क्रमाने.

१. सकाळी साडेदहाला कटरे सरांच्या सूनबाई कामठ्याहून आल्या. ऑटोत पत्र्याची पेटी. "बाबूजी म्हणत, किरणच्याच हातात देजो."

२. पेटीत आमच्या शाळेचं इंजिन. छोट्या लाईनच्या (नॅरोगेज) गाडीचं, पितळी, लांबी ६४ सेंमी, एकास बारा प्रमाणात. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने ते त्यांनाच देऊन टाकलं होतं.

३. उजव्या सिलिंडरचं पुढचं झाकण आठ स्क्रूंवर बसतं. आता सातच आहेत. चारांच्या खाचा खाऊन गेल्यात. आठव्या भोकात तुटलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) अडकलेला, वर लाखेचे काळे कण. भोकाशेजारी सिलिंडरच्या कडेवर पंच केलेलं अक्षर: एस.

४. निरोप: २५ जानेवारीला सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा, शाळेच्या पटांगणात. त्या दिवशी इंजिन हवेवर चालावं. सरांचा हात आता थरथरतो, म्हणून काम माझ्याकडे.

५. सरांची अट: आटे बदलायचे नाहीत. ८ बीए आहेत, ८ बीएच राहतील.

६. पेटीत बाकी सगळे टॅप आहेत. ८ बीएचे नाहीत.

७. मी हो म्हटलं.

८. आठव्या भोकातला टॅप मी तोडला आहे. नववीत असताना. सरांना वाटतं, माझ्या वर्गातल्या सरिताने तोडला. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईंनाही सांगितलं नाही. चहा केला.

१२ नोव्हेंबर

मायक्रोमीटर घरी न्यायची परवानगी कारखान्यातून लेखी घेतली. स्क्रूचा बाहेरचा व्यास २.१८. दहा आट्यांची लांबी ४.३. ८ बीए, शंका नाही. हे जुनं इंग्रजी माप, पूर्वी रेडिओत आणि टेलिफोनात असायचं. मेट्रिकमध्ये जवळचं काही नाही. दोनचा स्क्रू भोकात हलतो, अडीचचा आत जात नाही.

कारखाना सुटल्यावर बाजारात गेले. पाच दुकानं. चार जणांनी नमुना हातात घेतला, नखाने फिरवला आणि दोन एमएमचं पाकीट पुढे केलं. चालून जाईल म्हणे. मी म्हटलं, नाही चालणार. मग ते मला कोण पाठवतं, कुठल्या मशीनला लागतं, असं विचारायला लागले. खेळण्यातल्या इंजिनाला, असं सांगितलं की चेहरे बदलतात.

पाचव्याने ८ बीए ऐकून काउंटरवर हात टेकले. "बीए? मॅडम, बीए तो कॉलेज में मिलेगा." शेजारचं गिऱ्हाईकही हसलं. मी नाही हसले. आता लिहिताना थोडं हसू येतंय.

१५ नोव्हेंबर

फोरमन डोंगरेजींना जेवणाच्या सुट्टीत सिलिंडर दाखवला. त्यांनी भिंग लावून पाहिला, कौतुक केलं, आणि म्हणाले, सगळी भोकं मोठी करून अडीचचे आटे पाड, अर्ध्या तासाचं काम, कायले जीव काढून राहिली. तुटका टॅप असलेलं भोक बुजवून बाजूला नवं कर.

त्यांचं म्हणणं चूक नाही. ड्रॉइंगवर मीही तेच सुचवलं असतं.

पण या इंजिनावर अक्षरं आहेत. सरांचा नियम: भोकाला आटे पाडायच्या आधी शेजारी आपलं अक्षर पंच करायचं. आधी अक्षर, मग टॅप. भोक वाकडं गेलं तर नंतर कुणाचं नाव घेता येत नाही. तीसेक वर्षांत जेवढी मुलं त्या खोलीतून गेली, तेवढ्यांची अक्षरं बफरपासून कोळशाच्या डब्यापर्यंत आहेत. डब्यावर अकरा के माझे. एक के उलटा पंच झालाय. त्या दिवशी सरांनी फक्त चष्मा वर केला होता.

भोक बुजवलं की एसचं काही उरणार नाही. एवढं मी डोंगरेजींना बोलले नाही. सरांची अट आहे, एवढंच म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्क्रू मिळाले.

बाजारामागच्या गल्लीत गफूरभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, आणि छतापर्यंत डबे. आता ते मिक्सर आणि पंखे करतात. नमुना त्यांनी पाहिलाही नाही, बोटांत फिरवला आणि म्हणाले, "आठ नंबर बीए. मर्फी, बुश, सब में यही." मग एक बिस्किटांचा डबा उतरवून माझ्यासमोर उपडा केला. त्यात सगळंच: सहा बीए, सात बीए, मेट्रिक, लाकडाचे स्क्रू, घड्याळाचे पाय, दोन मेलेली झुरळं. रेडिओ चले गये, पेच रह गये, असं म्हणत त्यांनी स्टूल दिलं.

तीन तास निवडत बसले. सात बीए आणि आठ बीए डोळ्याने वेगळे करायला अर्धा तास लागला, मग हात बसला. चुंबक फिरवला की लोखंडी वेगळे होतात, पितळी राहतात. पितळी ८ बीए, गोल डोक्याचे, खाच शाबूत: तेवीस.

मधेच त्यांनी विचारलं, काय बनवताय. सांगितलं. छोटी लाईन म्हटल्यावर पंखा बाजूला ठेवला. त्यांची वरात बालाघाटला त्याच गाडीने गेली होती. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की दोन मामा खाली उतरून बोरं तोडून पुन्हा चढले. नवरदेव म्हणून त्यांना उतरू दिलं नाही. ते अजून मनात आहे त्यांच्या.

तेवीसातले दहाच घेऊन जा म्हणाले. बाकी कशाला ठेवता, कोण येणार आहे, असं मी विचारलं.

"क्यूं? तुम आयी ना."

टॅप मात्र त्यांच्याकडे नाही. संपूर्ण डबी एका मास्तरला दिली होती, फार वर्षांपूर्वी, तिरोड्याकडचा होता, मुलांना शिकवायचा. मी म्हटलं, तो मास्तर माझाच. गफूरभाईंनी मान हलवली, जणू हे उघडच होतं, आणि पंखा पुन्हा उचलला.

१९ नोव्हेंबर

टॅपची ऑर्डर मुंबईच्या एका विक्रेत्याला फोनवर दिली. ८ बीए, तीनचा संच. "आठ नंबर ना, भेज देंगे."

२३ नोव्हेंबर, रविवार

काही काम नाही. टॅप येईपर्यंत थांबायचं. इंजिन टेबलावर आहे, त्यावर जुनी ओढणी.

कार्यानुभवाची खोली शाळेच्या मागच्या टोकाला होती, खिडकीतून बोदलकसाचा कालवा दिसायचा. खोलीत लोखंड, जवसाचं तेल आणि मुलांचे पाय, असा वास. जवसाचं तेल टॅपला लावायला. ते वर्गातल्या कुणीतरी घरून आणायचं आणि सर त्याची नोंद फळ्यावर करायचे. सिलिंडर आमच्याच घरांतल्या फुटक्या पितळी भांड्यांचा ओतलेला. आईचा एक गडू त्यात आहे. आई अजून म्हणते, तो फुटका नव्हता.

सर आवाज न चढवता शिकवायचे. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे. कचरा तुटू द्यायचा, मग पुढे. घाई केली की टॅप तुटतो, आणि तुटलेला टॅप निघत नाही.

आम्ही नऊ जण होतो, त्यात मुली दोन. मी आणि सरिता पंधरे. सरिता सालेकशाकडची, शाळेजवळच्या वसतिगृहात राहायची. (पुढे स.) तिच्याइतका हलका हात मी नंतरही कुठे पाहिला नाही, कारखान्यातही नाही. ती आटे मोजायची गोंडीत. उंदी, रंड, मूंद, नालूंग. नालूंगला थांबून मागे. मला तेवढीच गोंडी येते. अजूनही टॅप हातात घेतला की मनात तेच आकडे चालू होतात, इथे कुणाला ऐकू जात नाहीत.

हत्यारांच्या कपाटाची चाबी स.कडे असायची. सरांनी तिला दिली होती, आठवीपासून. ती गळ्यात दोऱ्यात घालायची, वसतिगृहात झोपतानाही काढत नसे. मुलं तिला स्टोअरकीपर म्हणायची. ती म्हणायची, साहेब म्हणा, मग देते.

तिचे वडील कुसुमाच्या झाडांवरची लाख विकायला आणायचे, तेव्हा तिला भेटायचे. थोडी लाख तिच्याजवळ ठेवून जायचे. ती लाख तापवून कानशींच्या मुठी पक्क्या करायची. ड्रॉवरमध्ये तिची लाखेची कांडी असे. ते काम तिचंच.

आज इतकंच.

३० नोव्हेंबर, रविवार

पार्सल आलं. तीन टॅप, चांगले, धारदार. व्यास ४.१.

आठ नंबर म्हणजे त्यांना अमेरिकन आठ वाटला, आठ-बत्तीस. भोकाच्या दुप्पट. फोन केला. त्यांचं म्हणणं, मी आठ नंबर म्हणाले होते. मी "आठ बीए" म्हणाले होते आणि त्यांनी "आठ नंबर ना" विचारलं तेव्हा हो म्हटलं होतं. व्यास आणि आट्याचं अंतर लिहून पाठवायला हवं होतं. तपासणी विभागात बसून मी रोज दुसऱ्यांना हेच सांगते. चूक माझी. परत पाठवले.

मग नागपूरच्या जुन्या हत्यारांच्या एका दुकानदाराला लिहिलं. या वेळी तिन्ही मापं, कोनासकट, आणि विनंती: टॅप कॅलिपरमध्ये धरून फोटो पाठवा, आकडा दिसला पाहिजे.

बरोबर आठ आठवडे उरले.

७ डिसेंबर, रविवार

तुटका टॅप आज काढला. सकाळी सातला सुरुवात.

पद्धत: पितळेत अडकलेला लोखंडी टॅप तुरटीच्या कडक पाण्यात मंद आचेवर ठेवायचा. तुरटी लोखंड खाते, पितळेला हात लावत नाही. आधी स्पिरिटने लाख विरघळवली. मग सिलिंडर काचेच्या भांड्यात, भांडं पाण्याच्या पातेल्यात, पातेलं गॅसवर. दर अर्ध्या तासाला पाणी भरायचं. भोकातून बारीक बुडबुड्यांची एक सरळ रेघ वर येत होती. घरमालकीण डोकावून गेली. काय शिजून राहिलं विचारलं. सिलिंडर म्हटल्यावर घाबरली, गॅसचा वाटला. बाहेर काढून दाखवला.

दिवसभर तिथेच बसायचं होतं, म्हणून लिहून ठेवते.

नववी. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला चार दिवस होते. उजव्या सिलिंडरची आठ भोकं स.ला दिली होती. तिने आठही ठिकाणी आधी एस पंच केला, आणि सात भोकांना आटे पाडले. आठव्याच्या वेळी वसतिगृहातून निरोप आला, वडील आलेत. ती टॅपचं हँडल माझ्या हातात देऊन म्हणाली, धरून ठेव, येतेच. करून ठेव म्हणाली नव्हती.

मला दाखवायचं होतं की मलाही येतं. तिच्याइतकं. मी आकडे मोजले, गोंडीतच, पण नालूंगला थांबले नाही. टॅप तुटताना आवाज फार बारीक येतो, खडू मोडल्यासारखा.

खोलीत कुणी नव्हतं. मी तिच्या ड्रॉवरमधली लाख घेतली, तापवली, भोक भरलं, त्यात स्क्रूचं कापलेलं डोकं बसवलं. नीट बसवलं. वरून आठही स्क्रू सारखे दिसत होते. टॅपचा वरचा तुकडा कालव्यात टाकला. स. आली तेव्हा झाकण लागलेलं होतं. झालं का, तिने विचारलं. मी हो म्हटलं.

प्रदर्शनात सरांनी सायकलच्या पंपाने हवा भरली. चाकं दोन फेरे फिरली, मग लाख उडाली, फुस्स झालं. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. सरांनी तिथेच झाकण उघडलं. भोकात तुटका टॅप, लाख, शेजारी एस.

त्यांनी स.ला विचारलं, हे अक्षर तुझं आहे ना. ती हो म्हणाली. ते खरंच होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. सरांनी दुसरं काही विचारलं नाही. टॅप तुटणं नव्हे, लपवणं त्यांना लागलं. हात पुढे केला, आणि तिने दोरा गळ्यातून काढून चाबी दिली.

त्यानंतर ती त्या खोलीत आली नाही. दहावीला दुसऱ्या शाळेत गेली. चाबी माझ्याकडे आली. मी ती घेतली.

साडेचारला बुडबुडे थांबले. भोकातून काळा गाळ निघाला. टॅप गेला. भोक स्वच्छ, १.८, आटे वरच्या दोन-अडीच फेऱ्यांपुरते, खाली कोरं.

१४ डिसेंबर, रविवार

कामठ्याला गेले. सर अंगणात उन्हात बसले होते, मांडीवर तुरीच्या शेंगांचं सूप. त्यांनी आधी सिलिंडर मागितला. भोक उजेडाकडे धरून पाहिलं. तुरटी सांगितली तर खूष झाले. हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, तेव्हा माहीत असतं तर मी त्याच आठवड्यात काढला असता, पोरीची चूक पुसून टाकली असती.

मग मी सांगितलं. क्रमाने, वर लिहिलंय तसं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

सर बराच वेळ शेंगा सोलत राहिले. दाणे सुपात पडत होते, टरफलंही सुपातच.

"बारा वरस. काऊन नाही सांगतलं, बिसेन?" सर मला अजूनही आडनावानेच हाक मारतात.

भीती वाटली, असं म्हटलं. नंतर उशीर झाला, असंही. दुसरं कारण आधीच्यापेक्षा कमी खरं आहे. चाबी मला आवडायची.

ते मग स.बद्दल बोलायला लागले. वनरक्षक झाली तेव्हा ती इथे आली होती, पेढे घेऊन, वर्दीत. ह्याच अंगणात बसली. बिबट्याच्या गोष्टी सांगितल्या. जाताना पाया पडली. सरांनी आशीर्वाद दिला, आणि चाबीचं काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, आपण मोठ्या मनाने विसरलो.

"मी तिले माफ केलं होतं," सर म्हणाले. "माफ. मी. तिले."

सूनबाई चहा घेऊन आल्या, आमच्याकडे पाहून तशाच परत गेल्या.

निघताना मी काहीतरी बोलायला गेले. सरांनी हात वर केला.

"मले कायले सांगून राहिली? तिले सांग."

तिचा नंबर त्यांनी वहीतून वाचून दिला. शेवटचे दोन आकडे दोनदा वाचले.

परतताना ऑटोत सिलिंडर मांडीवर होता. गोंदियापर्यंत हात त्यावरच.

२० डिसेंबर

नागपूरचा टॅप आला. आधी फोटो, आकडा २.२०. मग प्रत्यक्ष. कार्बन स्टीलचा, जुना, कागदात गुंडाळलेला, कागदाला ग्रीस. तीनपैकी दोनच मिळाले, पहिला आणि शेवटचा. पुरे.

२७ डिसेंबर

सात भोकं साफ केली. टॅप हाताने, फक्त कचरा निघेल इतका. स.चे आटे बारा वर्षांनीही इतके सरळ की टॅप आपोआप उतरत होता. गफूरभाईंचे स्क्रू बसले, सात. आठव्या भोकात कडुलिंबाची काडी तासून ठोकली आणि हवा भरली.

चाललं. चाकं आधी अडखळली, मग एकसारखी. दहा मिनिटं चालत ठेवलं. दुपारची तीनची वेळ, खिडकीतून ऊन, पितळ गरम. मला शाळेची खोली आठवली असं लिहिणार होते. खरं म्हणजे खोली नाही आठवली. स. आठवली, पंचावर हातोडी मारायच्या आधी जीभ दातात धरणारी.

टॅप हँडलमध्ये लावलेला होता. आठवं भोक करायला पाच मिनिटं लागली असती. आठवा स्क्रू बाजूलाच होता. मेळाव्यात कुणाला कळलं नसतं.

हँडल सोडवून ठेवलं.

२८ डिसेंबर, रविवार

स.ला फोन केला. सकाळी दोनदा लागला नाही. साडेअकराला लागला. मागे पाखरांचा आवाज.

मी नाव सांगितलं. ती म्हणाली, कोण किरण. मी म्हटलं, बिसेन, नववीतली. ती म्हणाली, हां, मोठी माणसं. ड्युटीवर होती, वणवा अडवायच्या जाळपट्ट्यांचं काम चालू आहे, मजूर सोबत. मी इंजिनाचं सांगितलं, मेळाव्याचं. मग सांगणार होते ते सांगायला लागले आणि वाक्य लांबत गेलं. भोक, टॅप, तुरटी. तिने मधेच तोडलं.

"मले माहीत होतं तूच होती. तू सांगशील म्हणून मी थांबली. दिवाळीपावतर थांबली."



तिने मजुरांपैकी कुणाला तरी तिकडून नको, इकडून, असं सांगितलं. मग मला, पहिल्यासारख्याच आवाजात: "तुझ्यानं बोलणं होत नाही, किरण. पहिलेही होत नव्हतं. काय म्हणायचं ते लिहून पाठव." आणि रेंज गेली, किंवा तिने ठेवला.

दिवाळी त्या वर्षी प्रदर्शनानंतर दोन महिन्यांनी होती. दोन महिने ती रोज वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची.

३ जानेवारी

पहिला मसुदा दोन पानं. त्यात सरांचे उपकार, आमचं वय, मला वाटलेली भीती. फाडला.

दुसरा अर्धं पान. त्यात "गैरसमज" हा शब्द होता. गैरसमज कुणाचा झाला नव्हता. फाडला.

सरांचा फोन. इंजिनाचं विचारलं नाही. लिहिलं का, एवढंच. लिहिते आहे म्हटलं. ते म्हणाले, मीही लिहून राहिलो, माझं वेगळं, तू तुझं पाठव. अक्षर वाचता येईल का, याची त्यांना काळजी.

८ जानेवारी

आज स्पीड पोस्टने पाठवलं. तिच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या पत्त्यावर. नक्कल खाली.

सरिता,

तू लिहून पाठव म्हणालीस, म्हणून.

नववीत आठव्या भोकातला टॅप मी तोडला. तू फक्त धरायला सांगितलं होतंस. तुझी लाख वापरून मीच भोक लपवलं. सरांनी तुझी चाबी घेतली तेव्हा मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. पुढे चाबी मला मिळाली, तीही घेतली. तू वाट पाहिलीस हे मला आता कळलं. तेव्हाही कळायला हवं होतं, कारण तू माझ्याकडे पाहिलं होतंस. चूक माझी आहे आणि मला तिची लाज वाटते.

१४ डिसेंबरला मी हे सरांना सांगितलं. ते तुला स्वतः लिहिणार आहेत.

तुटका टॅप निघाला आहे. भोक स्वच्छ आहे, १.८, शेजारी तुझं अक्षर जसंच्या तसं. तू केलेले सात भोकांचे आटे अजून उत्तम आहेत. ८ बीएचा टॅप मिळाला, स्क्रूही. आठव्या भोकाला मी टॅप लावलेला नाही आणि लावणार नाही. ते भोक तुझं आहे.

तुला ते करायचं असेल तर मी सिलिंडर, टॅप, हँडल आणि जवसाचं तेल घेऊन तू म्हणशील तिथे येते. सालेकसा, तुझा नाका, कुठेही, तुझ्या ड्युटीच्या वेळेप्रमाणे. सोबत बसायचं नसेल तर ठेवून निघून जाईन आणि नंतर घेऊन जाईन. तुला करायचं नसेल तर तेही चालेल. मग २५ तारखेला भोक उघडं राहील, इंजिन तिथे लाकडाच्या काडीवर चालेल, आणि काडी का आहे ते मी सगळ्यांसमोर सांगेन. तुझं नाव घेऊ की नको, तेही तूच सांग.

तुझ्याकडे येऊन, सिलिंडर पुन्हा बसवून हवेची चाचणी घ्यायला मला चार दिवस लागतात. म्हणून २० जानेवारी, मंगळवारपर्यंत हो किंवा नाही, एवढं कळव.

किरण